वाळूत शिरण्याआधीचे वीस मीटर: हीथ आणि जंगलातल्या पहिल्या ग्रॅव्हल राइडची तयारी

पहिल्यांदा मोकळ्या वाळूत शिरलो तेव्हा मी जेमतेम पंधरा मीटर गेलो. पुढचं चाक डावीकडे वळलं, मी उजवीकडे पडलो. लागलं काही नाही. वाळूत पडण्याचा तेवढा एक फायदा आहे. पण उठून मागे पाहिलं तर माझ्या चाकाची खूण आधी सरळ, मग नागमोडी, मग एकदम आडवी. सगळा अपघात कुणीतरी जमिनीवर लिहून ठेवल्यासारखा दिसत होता. चूक कुठे झाली तेही त्या खुणेत होतं. वाळू सुरू व्हायच्या आधी मी ब्रेक लावला होता, गिअर जडच ठेवला होता आणि हँडल मुठी आवळून धरलं होतं. त्यानंतर वाळूत काय केलं याला फारसा अर्थच उरला नव्हता.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्याकडे ग्रॅव्हल सायकल (खडीच्या-मातीच्या वाटांसाठीची, रुंद टायरची) आहे, डांबरावर किंवा घट्ट खडीवर पन्नास-साठ किलोमीटर सहज जमतात, पण वाळू आणि मुळांच्या वाटेवर चाक घातलेलं नाही.

जमीन कशी असते

हीथ म्हणजे उघडं, रेताड, नापीक माळरान. त्यावर गुडघ्याएवढी हेदरची झुडपं, मधूनच काटेरी गोर्स, कडेला बर्च आणि पाइन. नेदरलँड्समधला वेलुवे, जर्मनीतला ल्युनेबुर्गचा हीथ, इंग्लंडमधला ब्रेकलँड ही याची ओळखीची उदाहरणं. हे माळ पूर्णपणे निसर्गाने केलेले नाहीत. माणसाने जंगल तोडलं, शतकानुशतकं मेंढ्या चारल्या, गवताची ढेकळं खणून नेली. माती निकस होत गेली आणि हेदर टिकून राहिलं. जिथे चराई अति झाली तिथे खालची वाळू उघडी पडून वाऱ्यावर उडू लागली. वेलुवेतलं कोटवाइकरझांड हे असंच उडत्या वाळूचं मोठं मैदान आहे. ही वाळू बांधून ठेवायला आणि लाकडासाठी पुढे ठिकठिकाणी पाइनची लागवड झाली. ब्रेकलँडमधलं थेटफर्ड फॉरेस्ट पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ पासून लावत नेलेलं आहे.

हा इतिहास सायकलवाल्याला उपयोगी पडतो. जंगलात शिरलात म्हणजे वाळू संपली असं होत नाही; झाडं वाळूवरच लावलेली आहेत. लावलेल्या जंगलात सरळसोट, रुंद पट्टे असतात. ते बहुतेक आग अडवण्यासाठी किंवा लाकूड वाहून नेण्यासाठी सोडलेले असतात. नकाशावर ते फार मोहक दिसतात. प्रत्यक्षात जड वाहनांनी आणि घोड्यांनी खणून काढलेली सगळ्यात खोल वाळू तिथेच मिळते. शेजारची अरुंद, वाकडी पायवाट जवळजवळ नेहमी घट्ट असते, फक्त तिच्यावर सायकलला परवानगी आहे का ते बघावं लागतं.

दिवस कोणता निवडायचा

कोरडी वाळू पायाखालून निसटते. थोडी ओल असली की कणांच्या मध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. समुद्रकाठी पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यावर चालणं सोपं आणि वरच्या कोरड्या वाळूत कठीण, त्याचं कारण हेच. म्हणून आठवडाभर कडक ऊन पडलेला दिवस पहिल्या राइडसाठी सगळ्यात वाईट. हवा सुंदर असते, वाट भयंकर.

पण जंगलाचं गणित उलटं आहे. पावसानंतर लगेच झाडांची मुळं साबणासारखी होतात. वाळूला पाऊस हवा, मुळांना ऊन हवं. दोघांचं जमतं ते पाऊस थांबल्यावर एक दिवस सोडून, वाऱ्याच्या दिवशी. मुळं वरून सुकलेली असतात, वाळूच्या पोटात ओल असते. हिवाळ्यात जमीन गोठलेली असेल तर वाळू काँक्रीटसारखी लागते. त्या सकाळी तर सोडूच नयेत.

हेदर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. फोटो याच दिवसांतले बघून सगळे येतात. त्यामुळे गर्दीही याच दिवसांत, आणि वाळू उन्हाळ्याने पार भुसभुशीत झालेली. फुलं बघायची असतील तर भल्या सकाळी निघा.

अंतर

तुमच्या नेहमीच्या अंतराच्या निम्मं घ्या. डांबरावर साठ किलोमीटर करणाऱ्याने इथे तीस ठरवावेत आणि वेळ मात्र साठचाच धरावा. चढ नसला तरी. वाळूत उतरणीचा आराम नसतो. सपाट जागीही पाय सोडले की सायकल थांबते. तीन तास सलग पेडल मारणं काय असतं ते पहिल्यांदा इथेच कळतं.

मार्ग आखताना

कोमूट किंवा तत्सम ॲपवर रेघ ओढली आणि निघालो, असं करू नका. ती रेघ घेऊन उपग्रहाचं चित्र उघडा. पांढुरकी, रुंद, कडा विस्कटलेली वाट म्हणजे सैल वाळू. करडी, बारीक, कडा स्पष्ट असलेली म्हणजे घट्ट. झाडीखाली काहीच दिसत नाही, तिथे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या ऑनलाइन नकाशावर कुणी वाटेचा पृष्ठभाग नोंदवला आहे का बघा. पुष्कळ ठिकाणी ‘वाळू’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

वाळूचे लांब पट्टे राइडच्या पहिल्या दोन तृतीयांशात येतील असा फेरा लावा. शेवटचे आठ-दहा किलोमीटर घट्ट रस्त्याचे ठेवा. थकलेल्या माणसाला वाळू जमत नाही, कारण थकला की तो हँडलवर रेलतो, आणि पुढच्या चाकावर भार आला की खेळ संपला. शिवाय मध्ये दोन-तीन जागा हेरून ठेवा, जिथून डांबरी रस्त्याला लागता येईल.

परवानगीचं आधी बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये फूटपाथवर, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठीच्या वाटेवर, सायकल चालवण्याचा हक्क नाही, ब्रिडलवेवर, म्हणजे घोडेवाटेवर, आहे, १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून, आणि तिथे चालणाऱ्यांना व घोडेस्वारांना वाट द्यायची हे त्याच कायद्यात आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. बरेच हीथ लष्कराच्या सरावाखाली आहेत; लाल झेंडा किंवा लाल दिवा दिसला तर वाद न घालता मागे फिरायचं. मार्ग ऑफलाइन उतरवून घ्या. पाइनच्या लागवडीतले चौक सगळे एकसारखे दिसतात, आणि नेमकं तिथेच नेटवर्क जातं.

सायकल: खरा निर्णय हवेचा

टायर जितका रुंद बसेल तितका बसवा. ४० मिलिमीटरच्या खाली पहिल्या वेळी जाऊ नका. ४५ ते ५० उत्तम, फ्रेम आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा राहत असेल तर. सैल वाळूत नक्षीपेक्षा रुंदीच जास्त कामाला येते. कडेला थोडे गुठळ्यांचे दात असले की वळणावर बरं पडतं, एवढंच.

मग हवा. ढोबळ हिशोब करून बघा. मागच्या चाकावर ४५ किलो भार आहे आणि टायरमध्ये ५६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे चार किलो. तो भार पेलायला टायर जमिनीला साधारण ११ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा निम्मी, २८ पीएसआय केली की टेकणारी जागा दुप्पट होते, साधारण २३. तेवढाच भार दुप्पट जागेत पसरला, म्हणजे चाक कमी रुततं. वाळूतली ताकद म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा एवढंच असतं.

सत्तर किलोच्या माणसाने ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयपासून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर दोन-चार वाढवा, कमी असेल तर कमी करा. आत ट्यूब असेल तर इतकं खाली येता येत नाही. मुळावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. ३२ ते ३५ ठेवा आणि वाळूत थोडा जास्त त्रास होईल हे मान्य करा. खरं तर या वाटांसाठी ट्यूबलेसच करून घ्यावं. गोर्सचे काटे टायरमधून सहज आत जातात. टायरच्या आत ओतलेलं, भोक बुजवणारं द्रव, म्हणजे सीलंट, ताजं असेल तर ते तुम्हाला कळतही नाही. सीलंट दोन-चार महिन्यांनी सुकतं, निघण्याआधी चाक कानाजवळ हलवून आत पाणी खळखळतंय का ऐका.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका. मी वर्षभर तसं केलं आणि वर्षभर ४० पीएसआय घेऊन फिरत होतो. छोटा डिजिटल गेज घ्या.

गिअर हलका हवा. पुढे ४० दातांची चकती आणि मागच्या कॅसेटमधली (चकत्यांच्या संचातली) सगळ्यात मोठी चकती ४२ दातांची असेल तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक एका फेरीपेक्षाही किंचित कमी फिरतं, एवढं पुरतं. क्लिपवाली पेडलं वापरायची सवय नसेल तर आज सुरुवात करू नका. सपाट पेडलवर जा. पाय पन्नास वेळा टेकावा लागणार आहे.

सोबत

दोन बाटल्या पाणी, कारण वाळूत पाणी मुरतं आणि माळावर झरा-विहीर अशी भेटत नाही. दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. खाणं खिशात, पिशवीच्या तळाशी नको. एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), पंप, टायर काढायचे लिव्हर, भोक बुजवायचे ट्यूबलेस प्लग, चेन जोडायची कडी, आणि तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा. शेवटची वस्तू सगळे विसरतात. का न्यायची ते जंगलात कळेल.

वाळूत शिरताना

आता मुख्य काम. याचा सराव राइडच्या दिवशी करू नका. आधी एक दिवस पन्नास मीटरचा वाळूचा पट्टा शोधा आणि तोच वीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण तासाभरात जे अंगात मुरतं ते पन्नास किलोमीटरच्या राइडमध्ये मुरत नाही.

१. वाळू वाचा. फिकट आणि चुरा झालेली म्हणजे खोल. गडद म्हणजे ओलसर, घट्ट. घोड्यांच्या खुरांचे खड्डे असतील ती बाजू टाळा. दोन चाकोऱ्यांच्या मधला गवताचा उंचवटा, सावलीची कड, पाइनच्या सुया पसरलेला काठ, इथे आधार मिळतो. आधीच्या सायकलवाल्यांच्या खुणा बघा. एखादी खूण नागमोडी होत होत तिच्या शेजारी बुटांचे ठसे सुरू झाले, तर ती रेघ कुठे फसली ते त्याने तुम्हाला सांगून ठेवलंय. मात्र काठ वापरायचा तो वाटेचाच. वाट सोडून हेदरमध्ये शिरायचं नाही.

२. वीस मीटर आधी गिअर बदला. चालू गिअरपेक्षा एक किंवा दोन हलका. सगळ्यात हलका नको. त्यात पाय नुसते भिरभिरतात, मागचं चाक जागच्या जागी खणतं आणि वेग मरतो. वाळूत गेल्यावर जोर लावून गिअर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते आणि नेमक्या त्या क्षणी पेडल सुटतं.

३. थोडा वेग घेऊन या, आणि ब्रेकवरची बोटं काढा. वाळू स्वतःच मोठा ब्रेक आहे. पहिल्या दोन मीटरांत सायकल अशी खेचली जाते की तुम्ही आपोआप पुढे फेकले जाता. ते माहीत असेल तर आधीच शरीर मागे घेता येतं.

४. सीटवर बसूनच राहा, फक्त मागे सरका. उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते घसरतं. कोपर वाकलेले, खांदे खाली.

५. हात सैल. सगळ्यात अवघड हेच. पुढचं चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे भटकणारच, भटकू द्या. वेग आणि पेडल चालू असतील तर ते आपणहून परत येतं. प्रत्येक हेलकाव्याला तुम्ही हँडलने उत्तर द्यायला लागलात की तिसऱ्या-चौथ्या उत्तराला आडवे होता. हात सैल आहेत का हे तपासायची माझी युक्ती: बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवून बघतो. हलली नाहीत तर मूठ आवळलेली आहे. दिशा कमरेने द्यायची, गुडघा बाहेर झुकवून.

६. नजर दहा-पंधरा मीटर पुढे, जिथे वाळू संपते तिथे. चाकाकडे बघणारा चाकाजवळच पडतो.

७. पेडल थांबवायचं नाही. लय मंद झाली तरी चालेल, तुटता कामा नये. शेवटचे पाच मीटर बहुतेक जण सोडून देतात, कारण घट्ट जमीन दिसते आणि मन आधीच पोचतं.

वळण असेल तर बाहेरून मोठं घ्या आणि सायकल कमीत कमी कलवा. वाळूच्या उतारावर मात्र वजन आणखी मागे, हात ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), आणि ब्रेक लागलाच तर मागचा, हलका. पुढचा ब्रेक दाबला की चाक नांगरासारखं आत घुसतं.

आणि फसलात तर? थांबायच्या आधी एक पाय मोकळा करा, उतरा, ढकला. मोकळ्या वाळूत पुन्हा स्वार व्हायचा प्रयत्न करू नका. त्यात दम जातो आणि हाती दोन मीटर लागतात. घट्ट तुकडा येईपर्यंत चाला. यात कमीपणा काही नाही. बेल्जियममधल्या कॉक्साइडच्या वाळूच्या टेकड्यांवर २०१२ ची सायक्लोक्रॉसची (चिखल-वाळूतल्या सायकल शर्यतीची) विश्वविजेतेपद स्पर्धा झाली, नील्स आल्बर्ट जिंकला, आणि पहिले सातही जण बेल्जियमचेच होते. वाळूत जन्म काढलेले हे लोक; त्या मार्गावर तेसुद्धा ठरावीक जागी सायकल उचलून पळतात. जिथे पळणं जास्त वेगवान, तिथे पळायचं.

जंगलात

वाळूतून झाडीत शिरल्यावर हायसं वाटतं आणि तिथेच लक्ष सुटतं. उन्हातून सावलीत गेल्यावर डोळे सरावायला काही सेकंद जातात, आणि मुळं नेमकी त्या सेकंदांत येतात. काठावरच वेग कमी करा. गडद गॉगल असेल तर नाकावर खाली ओढा.

मुळं काटकोनात ओलांडायची. तिरकं मूळ, त्यात ओलं, म्हणजे पुढचं चाक मुळाच्या बाजूने घसरत जातं आणि सावरायला वेळच मिळत नाही. मुळावर असताना ब्रेक नाही, वळण नाही, पेडलचा झटका नाही. इथे वाळूच्या उलट करायचं: सीटवरून थोडं उठा, पेडल दोन्ही समान पातळीवर, गुडघे आणि कोपर सैल, सायकलला खालून नाचू द्या. वाळूत बसायचं, मुळांवर उठायचं. सवय नसते तेव्हा नेमकी अदलाबदल होते.

पाइनच्या सुयांचा गालिचा छान वाटतो, त्याखाली काय आहे ते मात्र दिसत नाही. पाइनची फळं चाकाखाली गोटीसारखी फिरतात. आणि वाळलेल्या काटक्या: काटकी चाकात शिरल्याचा कडकड आवाज आला की त्या क्षणी पेडल बंद, थांबा, हाताने काढा. अजून एक फेरी मारली तर ती डिरेलरला ओढून स्पोकमध्ये नेते आणि हँगर वाकतो किंवा तुटतो. तो सुटा हँगर यासाठी. माझा पहिला तुटला तेव्हा जवळ नव्हता. सायकल ढकलत अकरा किलोमीटर चाललो, त्यातले चार वाळूत.

वाटेवरचे बाकीचे

घोडा दिसला की लांबूनच आवाज द्या, माणसाच्या आवाजात, घंटीने नव्हे. मागून गुपचूप येणारी सायकल त्याला शिकारी प्राण्यासारखी वाटते. वेग चालण्याइतका करा, स्वाराने खूण केली की मग रुंद अंतर ठेवून पुढे जा.

वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत हीथवर जमिनीवर घरटी असतात. रातवा आणि चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. रातवा तर पायाखाली येईपर्यंत हलत नाही, इतका तो मातीत मिसळलेला असतो. वाट सोडून सायकल घालू नये याचं हे सगळ्यात मोठं कारण. सकाळच्या उन्हात वाटेवर एखादा ॲडर साप शेकत पडलेला असू शकतो. विषारी आहे, पण भांडखोर नाही. थांबा, त्याला जाऊ द्या. कोरड्या दिवसांत शेगडी, सिगारेट काहीही पेटवू नका. हेदर आणि पाइन दोन्ही झपाट्याने पेट घेतात.

परत आल्यावर

आधी अंग तपासा, मग सायकल. हेदर आणि उंच गवतात गोचिडी असतात आणि काहींमधून लाइम रोग पसरतो. गुडघ्यामागे, जांघेत, मोज्यांच्या काठाशी, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढा; तेल लावणं, जाळणं असलं काही नको. जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं सांगा.

सायकलवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, वाळू बेअरिंगच्या आत ढकलली जाते. कोरडी असताना ब्रशने झाडा, मग साधं पाणी. चेन पुसून नव्याने तेल द्या. वाळू आणि जुनं तेल मिळून कानशीसारखं काम करतं आणि कॅसेटचे दात झिजवतं. चिकट तेलापेक्षा मेणाचं वंगण इथे जास्त दिवस स्वच्छ राहतं. ब्रेकचे पॅड काढून बघा, कण अडकले असतील तर सँडपेपरवर हलके घासा. आणि हवा पुन्हा भरण्याआधी गेज लावून आज शेवटी किती उरली होती ते लिहून ठेवा. शेजारी टायरची रुंदी, तुमचं वजन आणि वाळू ओली होती की कोरडी. असे चार-पाच आकडे जमले की पुढच्या वेळी किती हवा घ्यायची हे कुणाला विचारावं लागत नाही.